लाइव्हली, स्पिरिटेड आणि लांजेवार सर

लांजेवार सर शाळेतल्या कोणालाही नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. आंधळगावच्या शाळेत मी भूगोल शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीच्या दारात घुटमळत उभा होतो. आतून आवाज आला, "या भूगोल, या. त्या खुर्चीवर नोका बसू, तिचा पाय मोडला हाय. तिच्यावर गणित बसते, त्याले सवय हाय."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी भूगोलच राहिलो. माझ्या लग्नात ते माझ्या बायकोला भेटले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार वहिनी, मी इंग्रजी." आमच्याकडे इंग्रजी म्हटलं की लोकांना आधी बाटली आठवते. बायको रात्री मला म्हणाली, "माणूस प्रामाणिक आहे हो. पिऊन आले ते स्वतःच सांगतात."

सर उंच होते, काटकुळे होते आणि त्यांचा उजवा कान कायम पांढरा असे. सुतार पेन्सिल ठेवतो तसा ते कानावर खडू ठेवत. वर्गातून बाहेर पडले तरी खडू तिथंच. एकदा बँकेत तसेच गेले, तर रांगेतल्या माणसानं "सर, कान चुन्यात बुडाला का?" म्हणून विचारलं. सर म्हणाले, "चुना नाही, व्याकरण हाय."

इंग्रजी शिकवायचे, पण इंग्रजीत बोलायचे नाहीत. बोलणं सगळं झाडीपट्टीतलं. एकोडीच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेला माणूस, तो बदलला नाही. "इंग्रजी बोलाची गोष्टच नाही," ते म्हणायचे. "इंग्रजी ओळखाची गोष्ट हाय. शेजाऱ्यासारखी. कोन कोनाचा, कोनाचं कोनाशी पटत नाही, हे माहीत पायजे."

'गुड' या शब्दावर त्यांचा भारी राग. पोरं सगळ्यालाच गुड म्हणत. आंबा गुड, गांधीजी गुड, पाऊस गुड. एका वर्षी जूनमध्ये सरांनी नववीच्या वर्गात जाहीर करून टाकलं की गुड वारला. तेराव्या दिवशी त्यांनी खरोखर त्याची तेरवी केली. घरून बुंदी आणली, प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली आणि सगळ्यांना एक मिनिट उभं केलं. मागच्या बाकावरची दोन पोरं रडली म्हणे. बुंदी कमी पडली म्हणून रडली, हे नंतर कळलं.

सरांचा खरा जीव होता तो जोडीच्या शब्दांवर. दोन शब्द, अर्थ वरवर एकच, आणि तरी दोन वेगळे. "जुळ्या पोरांच्या मायले विचारून पाहा," ते म्हणत, "सारखे हायत का तिचे पोट्टे? आपल्याले दिसते सारखे. तिले नाही दिसत."

अशीच एक जोडी एका धड्यात आली. लाइव्हली आणि स्पिरिटेड. मुलांच्या गाइडमध्ये दोन्हींपुढे एकच अर्थ छापला होता, उत्साही. वर्गातल्या एका पोरानं विचारलं, "सर, दोन्हीचा अर्थ एकच हाय तं दोन-दोन शब्द कायले पाठ कराचे?"

सर त्या दिवशी मधल्या सुट्टीत जेवले नाहीत. डबा उघडून भाताकडे बघत बसले. मी म्हटलं, "काय झालं सर?"

"भूगोल, त्या गाइडवाल्यानं झोपीत लिहिलं हो. लाइव्हली म्हंजे अंगात चैतन्य. उड्या, हसणं, बोलणं, एका जागी न बसणं. स्पिरिटेड म्हंजे तसं नाही. स्पिरिटेड मानूस चूप बसला तरी स्पिरिटेड. त्याले दाबाले गेलं की दिसते तो काय हाय ते. तो मागं सरत नाही. आता हे पोट्ट्याईले कसं सांगू?"

"फळ्यावर लिहा ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी नदी डोंगरावर चढते असं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर बकरीचं एक पिल्लू आणि एक कोंबडा घेऊन शाळेत आले. म्हणजे पिल्लू त्यांनी दोरीला धरून आणलं. कोंबडा आमच्या दौलत शिपायाच्या काखेत होता, कारण तो दौलतच्या सासूचा होता आणि सरांना चोचीची भीती वाटे. चोचीची, शिंगांची, दातांची, सगळ्याचीच वाटे. गल्लीतलं कुत्रं दिसलं की सर सायकलवरून उतरून सायकल कुत्र्याच्या आणि स्वतःच्या मधे धरून चालत.

वर्गात पिल्लू सोडलं. ते बाकावरून बाकावर गेलं, एका पोरीची रिबिन चाटली, खिडकीवर चढलं, उतरलं. सर ओरडले, "पाहा! हे लाइव्हली!" पोरं टाळ्या पिटायला लागली. टाळ्यांनी पिल्लू जास्तच लाइव्हली झालं आणि दारातून निसटून शेजारच्या वर्गात आलं. तिथं मी होतो. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगला होता, खालच्या टोकाला जरा फाटलेला. मी वळून बघेपर्यंत पिल्लानं सिंधुदुर्ग खाल्लं होतं, आणि मी धावून दोरी पकडेपर्यंत रत्नागिरीही गेली. त्या नकाशात आजही कोकण रायगडला संपतं.

तिकडे कोंबड्याचा प्रयोग सुरू झाला. दौलतनं त्याला आवारात सोडलं. कोंबडा जागचा हलला नाही. मान उंच करून उभा. तेवढ्यात मुख्याध्यापक बांते सर आपल्या मोटारसायकलवरून फाटकातून आत आले. हॉर्न वाजवला. कोंबडा उभा. पुन्हा हॉर्न. कोंबड्यानं एक डोळा वळवला, बस. बांते सरांनी गाडी डावीकडे घेतली तर कोंबडा डावीकडे सरकला, उजवीकडे घेतली तर उजवीकडे. शेवटी बांते सरांनी गाडी बंद केली आणि ती ढकलत मागे फाटकाबाहेर नेली. सगळा नववीचा वर्ग खिडकीत जमला होता.

"हे स्पिरिटेड," लांजेवार सर हलक्या आवाजात म्हणाले.

बांते सरांनी नंतर बोलावून विचारलं, "काय प्रकार हाय हा?" लांजेवार सर म्हणाले, "सर, विशेषण."

एवढ्यावर भागलं असतं. पण त्या वर्षी सहामाहीची प्रगतीपुस्तकं भरायची वेळ आली. आम्ही सगळे शेरा लिहायचो तो ठरलेला. समाधानकारक, प्रगती करावी, अक्षर सुधारावे. लांजेवार सर प्रत्येक पोरासाठी वेगळं इंग्रजी विशेषण शोधत. आठवडाभर तेच. जेवताना मधेच विचारत, "भूगोल, तो निखाड्याचा पोरगा, गंभीर म्हनाचा का उदास?" मी म्हणे, "भुकेला म्हणा." मोनाली तितिरमारे नावाची एक मुलगी होती. नववीतली, कमी बोलणारी, कबड्डीत एकदा पकडलं की समोरच्याला सोडत नसे. तिच्यापुढे सरांनी लिहिलं, स्पिरिटेड.

दोन दिवसांनी मोनालीचे वडील शाळेत आले. तितिरमारेंचं गावात किराणा दुकान. माणूस गोड बोलणारा, पण त्या दिवशी चेहरा लाल. शिक्षकांच्या खोलीत आले आणि प्रगतीपुस्तक टेबलावर आपटलं.

"सर, हे काय लिहिलं माह्या पोरीबद्दल?"

"काहून? काय झालं?" लांजेवार सरांनी विचारलं.

"मी दवाखान्यातल्या कंपाउंडरले दाखवलं. तो म्हने, स्पिरिट म्हंजे आमी इंजेक्शनच्या आधी कापसानं लावतो ते. मंग मी ट्रकवाल्या भावाले इचारलं. तो म्हने, स्पिरिट म्हंजे दारू, पक्की. मंग पोट्ट्यानं मोबाइलमंधी टाकून पाह्यलं. मोबाइल म्हने, आत्मा. आमची बुढी तवापासून देवाजवळ बसून हाय. आता तुमीच सांगा सर, इंजेक्शन, दारू का भूत?"

खोलीत कोणीच हसलं नाही, कारण हसलं असतं तर तितिरमारेंनी खुर्ची उचलली असती. गणिताचे सर नेमके खोकले आणि बाहेर गेले.

लांजेवार सर समजावायला लागले. पण सरांचं समजावणं म्हणजे आधी शब्द कुठून आला, मग त्याचे भाऊबंद, मग कोंबडा. कोंबड्यापर्यंत आले तेव्हा तितिरमारे उठून उभे राहिले.

"माह्या पोरीले कोंबडा म्हनून राहिले तुमी? मंग तं झालंच. पुढच्या महिन्यात तिले भंडाऱ्याले कबड्डीले न्यायचं म्हनता ना? नाही येत ती. शाळेनंच शिक्का मारून भूत लिहून देल्लं, तं मी तिले घराबाहेर कशी पाठवू? बुढी पाठवू देन का?"

ते गेले. मग आले बांते सर.

"लांजेवार, शब्द बदला. लाइव्हली लिहून द्या. त्याले कोनी भूत म्हनत नाही."

"सर, लाइव्हली लिहिलं तं खोटं होते."

"कोनाले समजते हो?"

"मले समजते."

"पोरीची कबड्डी जाऊन राहिली! एका शब्दापायी!"

लांजेवार सरांचा चेहरा पडला. बांते सरांपुढे आजवर ते कधी मोठ्यानं बोलले नव्हते. रजेचा अर्जसुद्धा शिपायाच्या हाती पाठवत. पण त्या दिवशी त्यांनी प्रगतीपुस्तक छातीशी धरलं आणि म्हणाले, "कबड्डी जाऊ देनार नाही. अन शब्दही बदलनार नाही. मी त्यायच्या घरी जातो. भूगोल, चला."

मी का, हे विचारायची सोय नव्हती.

तितिरमारेंचं घर दुकानाच्या मागेच. आम्ही गेलो तेव्हा दुकानात बरीच मंडळी होती. तितिरमारे गल्ल्यावर. त्यांची आई, बुढी, आतल्या उंबरठ्यावर जपमाळ घेऊन. मोनाली तांदूळ पाखडत होती. आणि तिचा धाकटा भाऊ गोलू धानाच्या पोत्यांवरून दुसऱ्या पोत्यांवर उड्या मारत होता, मधेच कौलाचा वासा पकडून लोंबकळत होता, आणि "माही दीदी भूत, माही दीदी भूत" असं गाणं म्हणत होता. मोनाली वर बघतही नव्हती.

"तितिरमारे भाऊ," सर म्हणाले, "तुमच्या घरी दोन्ही शब्द हायत. हा गोलू हाय ना, हा लाइव्हली."

"अन मोनाली?"

सर सांगायला तोंड उघडणार, इतक्यात कौलावरून धपकन एक माकड खाली आलं. चांगलं थोराड, लाल तोंडाचं. त्यानं केळ्यांच्या फणीकडे हात घातला, विचार बदलला, आणि गल्ल्यावर ठेवलेला तितिरमारेंचा मोबाइल उचलून समोरच्या भिंतीवर जाऊन बसलं.

मग जे झालं ते सगळं एकाच वेळी झालं. तितिरमारे "माहा मोबाइल!" म्हणून किंचाळले. गिऱ्हाइकं रस्त्यावर पळाली. गोलूनं आनंदानं उड्या मारत माकडाला बटाटे मारायला सुरुवात केली, आणि त्यातला एकही माकडाला लागला नाही, दोन मला लागले. बुढीनं हात जोडून मारुतीचं नाव घेतलं. मी बरणीमागे झालो. लांजेवार सर कुठं दिसेनात.

मोनालीनं सूप खाली ठेवलं. भिंतीजवळ गेली. हात पुढे केला.

"आन."

माकडानं दात दाखवले. ती हलली नाही. माकडानं आणखी मोठे दात दाखवले आणि भिंतीवर दोन्ही पाय आपटले. मोनाली एक पाऊल पुढे गेली.

"आन म्हटलं ना."

माकडानं तिच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, तो एकदा चावून पाहिला, आणि चण्याच्या उघड्या पोत्यात फेकून कौलावर चढून गेलं. मोनालीनं चण्यातून मोबाइल काढला, ओढणीला पुसला, बापाच्या हातात दिला आणि परत सुपाशी जाऊन बसली.

मग तुरीच्या डाळीच्या पोत्यामागून एक पांढरा कान वर आला, आणि त्यामागून लांजेवार सर.

"हे," सर बोट दाखवत म्हणाले, "हे स्पिरिटेड."

तितिरमारे लेकीकडे बघत राहिले. मग सरांकडे वळून म्हणाले, "अन तुमी कोन सर? लाइव्हली का स्पिरिटेड?"

"मी मास्तर हाय," सर म्हणाले आणि अंगावरची डाळ झटकायला लागले.

बुढीनं माळ खाली ठेवली. "कोनता शब्द हाय तो? म्हनून दाखव वं पोरी."

"स्पिरिटेड, आजी."

"स्पिरटेट," बुढी म्हणाली. तिनं तो दोनदा तोंडात घोळवून पाहिला. "मंग जाऊ दे तिले भंडाऱ्याले. माकडाले नाही भेली ते भंडाऱ्याच्या पोरींले भेनार हाय का?"

मोनाली भंडाऱ्याला गेली. आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला, पण मोनालीनं पंचांना रेषा कुठं आहे ते इतका वेळ दाखवलं की पुढच्या दोन शाळा मैदानाबाहेर ताटकळत बसल्या. तितिरमारे आठवडाभर गिऱ्हाइकांना सांगत होते, "हरली, पन स्पिरटेट हरली!"

आणि तिथून त्या शब्दाला पाय फुटले. आधी तितिरमारेंच्या दुकानातला चहा स्पिरटेट झाला. मग कोणाचा तरी बैल. मग गावातला एक जावई, जो सासऱ्याशी भांडून मानपानाचा टॉवेल बदलून घेऊन गेला. लांजेवार सरांनी हे सगळं सहन केलं. जावयाच्या बाबतीत तर ते म्हणाले, "योग्य वापर हाय."

पण मोहाडीच्या बाजारात त्यांचा बांध फुटला. आम्ही दोघं भाजी घ्यायला गेलो होतो. मिरचीवाली बाई ढिगामागून ओरडत होती, "घ्या वं बाई, स्पिरटेट मिरची! एक खाल तं रात्रभर नाचाल!"

सर थांबले. "बाई, मिरची स्पिरिटेड नसते."

"काहून नसते? खाऊन पाहा ना."

"तिखट म्हना. जहाल म्हना. स्पिरिटेडले मन लागते. मिरचीले मन हाय का?"

"तुमाले कसं माहीत, नाही म्हनून?"

सरांनी ढिगातली एक मिरची उचलून पाहिली. मग म्हणाले, "बरं, पन तुमी म्हनता रात्रभर नाचाल. नाचनं हे लाइव्हलीत येते. म्हंजे तुमाले म्हनाचं हाय लाइव्हली मिरची."

"लावली मिरची?" बाई शेजारणीला म्हणाली. "हा बुढा म्हनून राहिला मिरची लावली. कोनाले लावली बावा?"

माणसं जमली. मिरची कोणी कोणाला लावली याची चौकशी सुरू झाली. सर हात वर करून वर्गात बोलतात तसं बोलायला लागले, आणि त्या गर्दीत कुठल्याशा कुत्र्यानं शेपूट हलवत त्यांच्या पायाला नाक लावलं. सरांचं वाक्य तिथंच तुटलं. मी दोघांच्याही पिशव्या घेतल्या आणि त्यांना फाट्यापर्यंत नेलं. बाईनं मागून ओरडून विचारलं, "मिरची नाही घ्यायची का गा?" सर परत गेले आणि पाव किलो घेऊन आले. घरी तिखट चालत नसताना.

मग सर निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात. मंडप, शाल, श्रीफळ, आणि बांते सरांनी स्वतः लिहून, छापून, चौकटीत बसवून आणलेलं मानपत्र. बांते सर वाचायला उभे राहिले. "आमचे लाडके, कर्तव्यदक्ष, लाइव्हली..."

"थांबा सर," लांजेवार सर शाल सावरत उठले. सगळ्या मंडपाला कळलं, आता जेवण लांबलं. "मी लाइव्हली नाही. सकाळी उठल्यावर दोन घंटे मले कोनाशी बोलाव वाटत नाही. घरी विचारा."

पहिल्या रांगेतून त्यांच्या बायकोनं मान हलवली. "तीन घंटे."

"मंग स्पिरिटेड म्हनू?" बांते सर म्हणाले.

"ते तं बिलकुलच नोका म्हनू. माकड आलं तवा मी कुठं होतो, ते सगळ्या गावाले माहीत हाय."

मंडप हसला. तितिरमारे तर उठून हसले. बांते सर हसले नाहीत. त्यांनी चौकट टेबलावर ठेवली.

"माकडाचं सोडा," ते म्हणाले. "मी तुमाले शब्द बदला म्हनलं होतं. मुख्याध्यापक म्हनून सांगलं होतं. तुमी बदलला का?"

लांजेवार सरांनी नकारार्थी मान हलवली.

"तवा मले राग आल्ता. पोरगी भंडाऱ्याले गेली तवा नाही राहिला." असं म्हणून बांते सरांनी खिशातून पेन काढलं, चौकटीची काच सरकवली, छापलेल्या 'लाइव्हली'वर रेघ मारली आणि वर आपल्या हातानं इंग्रजीत 'स्पिरिटेड' लिहिलं. टाळ्या झाल्या. लांजेवार सर खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, आता रडतील. ते चौकट डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिले.

"सर," ते अगदी हळू म्हणाले, पण माइक चालू होता. "या शब्दात एक 'आय' लिहाचा राहिला."

त्यानंतर सर एकोडीला, आपल्या शेतावर गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भाताच्या रोवणीच्या दिवसांत. साकोलीकडे निघालो होतो. एकोडीजवळ बसचं चाक पंक्चर झालं म्हणून सगळे खाली उतरलो, तर रस्त्याला लागूनच सरांची बांधी. बायका वाकून ओळीनं रोवत होत्या आणि सर गुडघाभर चिखलात बनियनवर उभे, हातात पऱ्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी. त्यांना रोवायला देत नव्हत्या. त्यांची ओळ वाकडी जाते म्हणे, आणि ते बोलतात फार. त्यांना फक्त पेंड्या पुरवायचं काम दिलं होतं.

"भूगोल!" ते ओरडले. चिखलातून बांधापर्यंत आले. दम लागला होता, पण चेहरा उजळलेला.

"कसं वाटून राहिलं सर, इथं?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बांधीकडे पाहिलं. बायकांकडे पाहिलं, बांधापलीकडच्या तळ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार असं वाटे, मग मान हलवून ते टाकून देत. तिकडे बसवाल्यानं हॉर्न दिला. चाक बसलं होतं.

"जा तुमी," सर म्हणाले. "शब्द सापडला म्हंजे सांगतो."

मी बसमध्ये चढलो. खिडकीतून पाहिलं, सर अजून तिथंच उभे होते, आभाळाकडे बघत. मागून एक म्हातारी ओरडत होती, "अवो मास्तर, पेंडी द्या ना!" सरांना ऐकू जाईना. शेवटी ती चिखल तुडवत आली, त्यांच्या हातातून पेंडी ओढून घेतली आणि परत आपल्या ओळीला लागली. सरांचा रिकामा हात तसाच पुढे राहिला होता.